आधी वर्गणी, मग अनुदान

मराठी साहित्य संमेलने बडोद्यास १९०९ साली, इंदुरास १९१७ साली, ग्वाल्हेरीस १९२८ साली आणि हैदराबादेस १९३१ साली भरली. महाराष्ट्राबाहेरच्या ह्या शहरांनी ती भरवली ती कोणा परक्याच्या खर्चाने नव्हे. संस्थानिकांचा आश्रय काही ठिकाणी होता हे खरे. परंतु मांडवापासून जेवणाच्या पंक्तीपर्यंतचा भार तेथील मराठी गृहस्थांनीच वाहिला. त्याच काळात आपल्या वडीलधाऱ्यांनी गावोगाव ग्रंथालये उघडली, व्याख्यानमाला सुरू केल्या, नाट्यमंडळे काढली. त्यांतील पुष्कळ संस्था आज शंभरीच्या आसपास आहेत आणि त्यांपैकी काहींच्या कपाटांना वाळवी लागली आहे, हेही तितकेच खरे.

अशा संस्थांच्या वार्षिक सभेत एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘सरकार आम्हांस काही देत नाही.’ ह्या तक्रारीत तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. परंतु देणारा कोण, तो कोणत्या अटीवर देतो आणि आपण त्या अटी पुऱ्या केल्या आहेत काय, ह्या तीन प्रश्नांची उत्तरे शोधल्यावाचून ती तक्रार करणे उचित नव्हे. शाळेच्या कारभारात अनुदानाचे कागद वर्षानुवर्षे हाताळताना आम्हांस एक गोष्ट दिसून आली. अनुदान गरज पाहून क्वचितच मिळते. ते विश्वास पाहून मिळते, आणि विश्वासाचा पुरावा दप्तरात असावा लागतो.

ह्या बाबतीत जुन्या बडोदे संस्थानाचे उदाहरण बोधप्रद आहे. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शिकलेली मुले वाचनाअभावी पुन्हा निरक्षर होऊ नयेत म्हणून १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालास पाचारण करून ग्रंथालयांचे जाळे विणावयास आरंभ केला. खजिना हाती असताना महाराजांना गावोगाव पुस्तके फुकट वाटता आली असती. परंतु त्यांनी तिहाईचा नियम घातला. गावकऱ्यांनी ठरावीक रक्कम आधी जमवावी. मग तितकीच रक्कम प्रांत पंचायतीने आणि तितकीच सरकारने द्यावी. जे गाव स्वतःचा तिसरा हिस्सा उभारू शकत नाही, तेथे ग्रंथालय उघडले तरी ते टिकणार नाही, हे त्यामागील शहाणपण होते. आजच्या बहुतेक अनुदानांची घडणही ह्याच विचाराची आहे.

प्रथम ग्रंथालयांचा विचार करू. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ सालचा आहे. त्याखालील अनुदान त्या राज्यातील ग्रंथालयांसाठी आहे. आपण ज्या राज्यात राहतो त्याच राज्याचे दार आपणांस ठोठावले पाहिजे. कर्नाटकात १९६५, गोव्यात १९९३ आणि गुजरातेत २००१ साली ग्रंथालय कायदे झाले. आपल्या जिल्ह्याच्या ग्रंथालय अधिकाऱ्याची भेट घेऊन मान्यतेचे नियम विचारावेत आणि अर्ज राज्यभाषेत करावा. अर्ज गुजरातीत, कन्नडात वा हिंदीत लिहिल्याने आपली मराठी कमी होत नाही.

दुसरे दार कलकत्त्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाचे. केंद्र सरकारने १९७२ साली स्थापिलेली ही संस्था पुस्तके, कपाटे, इमारतीची वाढ इत्यादींसाठी साहाय्य करते. तिच्या काही योजनांत राज्य सरकारने आपला वाटा घातला की प्रतिष्ठान आपला वाटा घालते. काही योजनांत अशी अट नसते. पन्नास, पंचाहत्तर वा शंभर वर्षे पुरी करणाऱ्या ग्रंथालयांना त्या निमित्ताने साहाय्य देण्याचीही योजना आहे, आणि आपल्या जुन्या ग्रंथालयांना ती फार उपयोगाची आहे. शताब्दीचा समारंभ उरकल्यावर तिची आठवण येऊन लाभ नाही. स्थापनेचे वर्ष मोजून आधीच चौकशी करावी.

नाटक, संगीत, परिसंवाद असे कार्यक्रम करणाऱ्या मंडळांसाठी केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाच्या योजना आहेत. त्यांसाठी प्रथम नीती आयोगाच्या ‘दर्पण’ ह्या संकेतस्थळावर संस्थेची नोंद करून क्रमांक घ्यावा. वास्तूचे काम असेल, तर खासदारांच्या स्थानिक विकास निधीचा विचार करता येतो. परंतु तो टिकाऊ कामांसाठी आहे, पगारासाठी वा उत्सवासाठी नाही. मुंबईची राज्य मराठी विकास संस्था १९९२ साली स्थापन झाली. तिच्याशी पत्रव्यवहार ठेवावा. मराठीस ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, ह्याचा आनंद आपण सर्वांनी साजरा केला. त्या दर्जामुळे आपल्या ग्रंथालयाचे भाडे आपोआप भरले जाईल अशा भ्रमात मात्र राहू नये.

आता खासगी कंपन्यांकडे वळू. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५व्या कलमान्वये मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात. ह्या कार्याच्या यादीत कला-संस्कृतीचे जतन आणि सार्वजनिक ग्रंथालयांची उभारणी स्पष्टपणे नमूद आहे, आणि कंपनीने आपल्या आसपासच्या परिसरास प्राधान्य द्यावे असेही कायदा सांगतो. पीथमपूर असो, बडोदे असो, कारखाने आपल्या उंबरठ्यापाशी आहेत. परंतु असा पैसा घेणाऱ्या संस्थेस तीन वर्षांच्या कार्याचा दाखला लागतो आणि २०२१ पासून कंपनी निबंधकाकडे स्वतंत्र नोंदणी करावी लागते. कंपनीकडे जाताना ‘आम्हांस मदत करा’ असे मोघम पत्र नेऊ नये. आठशे जुन्या ग्रंथांची बांधणी करावयाची आहे, तिला इतका खर्च आहे, त्यातील इतका आम्ही जमविला आहे आणि उरलेला अमुक महिन्यांत अशा रीतीने खर्ची पडेल, असे एका पानाचे टिपण न्यावे.

आयकराच्या बाबतीत अनेक मंडळे गाफील राहतात. पूर्वी एकदा मिळालेली नोंदणी कायमची समजली जाई. २०२१ पासून ती मुदतीची झाली असून मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण करावे लागते. १९६१ च्या कायद्यात १२-ए आणि ८०-जी म्हणून ओळखली जाणारी कलमे २०२५ च्या नव्या कायद्यात निराळ्या आकड्यांनी आली आहेत. तेव्हा जुन्या पावतीपुस्तकावर विसंबू नये, जाणत्या हिशेबनिसाचा सल्ला घ्यावा. दोन हजार रुपयांवरील रोख देणगीस करसवलत मिळत नाही. शिवाय नवी करप्रणाली निवडणाऱ्या देणगीदारास ही सवलत मुळीच नसते. म्हणून ‘कर वाचेल’ एवढ्याच आमिषावर देणगी मागण्याचे दिवस सरत चालले आहेत. एकाच धर्माच्या वा ज्ञातीच्या हिताची भाषा घटनेत असल्यास त्या सवलतीस बाध येतो, हेही जुन्या संस्थांनी आपली उद्दिष्टे वाचताना ध्यानी घ्यावे.

आणखी एक सावधगिरी. आपली मुले-नातवंडे परदेशी आहेत आणि गावच्या वाचनालयास काही पाठवावे अशी त्यांची इच्छा असते. ज्यांचे नागरिकत्व अद्याप भारताचे आहे, त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय ठरत नाही. परंतु ज्यांनी तिकडचे नागरिकत्व घेतले, त्यांची देणगी, मग ते सख्खे नातू का असेनात, कायद्याने परकीय ठरते. ती स्वीकारण्यास २०१० च्या परकीय देणगी कायद्याखाली नोंदणी वा पूर्वपरवानगी हवी, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच यावा लागतो. प्रेमाने आलेला पैसा अज्ञानाने घेतला, तर शिक्षा संस्थेस होते.

हे सर्व वाचून चिटणीसांनी घाबरून जाऊ नये. अर्जास लागणारी कागदपत्रे थोडीच आहेत : नोंदणीपत्र, घटना, चालू कार्यकारिणीची यादी, तीन वर्षांचे तपासलेले हिशेब, कार्यअहवाल, जागेचा दाखला आणि सभेचा ठराव. पैकी कार्यकारिणीतील बदल निबंधकाकडे न कळविणे हा दोष आपल्या संस्थांत सर्वांत अधिक आढळतो. निवर्तलेल्या विश्वस्तांची नावे कागदोपत्री तशीच राहतात, आणि मग कोणाच्या सहीने अर्ज करावा हाच प्रश्न पडतो. अनुदान आल्यावर ते ज्या कामासाठी आले त्याच कामी लावून विनियोगाचे प्रमाणपत्र वेळेवर धाडावे. पहिल्या अनुदानाचा चोख हिशेब हाच दुसऱ्या अनुदानाचा अर्ज होय.

अखेर पुन्हा त्या तिसऱ्या हिश्श्याकडे येऊ. ज्या मंडळाचे चारशे सभासद पटावर आहेत आणि वर्गणी साठच देतात, त्याने इतरांच्या दारी कोणत्या तोंडाने जावे? मुलाच्या मुंजीत, घराच्या वास्तुशांतीत, वडिलांच्या वर्षश्राद्धाला ग्रंथालयाच्या नावे एक पाकीट बाजूस काढण्याची रीत आपल्या घरांत पुन्हा पडावी. ह्या वर्षीच्या वार्षिक सभेत प्रत्येक मंडळाने तीन ठराव करावेत असे आम्ही सुचवितो : कार्यकारिणीची नोंद अद्ययावत करावी, पदवी घेतलेल्या एखाद्या तरुण सभासदाकडे किंवा सुनेकडे अनुदानाच्या अर्जांचे काम रीतसर सोपवावे, आणि दिवाळीपूर्वी थकलेली वर्गणी घरोघर जाऊन जमवावी. अर्ज कोठे करावयाचा हे वर सांगितलेच आहे; त्याच्या पहिल्या पानावर लिहावयाची आपल्या हिश्श्याची रक्कम मात्र आपणच उभी केली पाहिजे.