जुन्या गाडीला नवा टेप बसवला, पण आवाज फाटतोय? स्पीकर बदलण्याआधी वायरी तपासा

वडिलांच्या काळातली जीप, नाहीतर दारात जपून ठेवलेली अ‍ॅम्बेसेडर किंवा पद्मिनी. मूळ रेडिओ केव्हाच बंद पडलेला असतो. मग तालुक्याला जाऊन ब्लूटूथ आणि यूएसबीवाला नवा सेट बसवून आणतात. आपल्याकडे त्याला अजूनही ‘टेप’च म्हणतात. दुकानासमोर आवाज ठणठणीत येतो. गाडी रस्त्याला लागली की आवाज फाटतो, खरखरतो, नाहीतर इंजिनाबरोबर ‘कुंईऽऽ’ करत राहतो.

‘स्पीकर बदला’ असा सल्ला मिळतो. स्पीकर बदलले तरी आवाज तसाच. मग अ‍ॅम्प्लिफायर. पैसे जातात, दोष राहतोच. कारण अनेकदा गडबड जुन्या वायरिंगमध्ये असते. ती शोधायला साधा मल्टीमीटर, घड्याळात घालतो तो दीड व्होल्टचा सेल आणि तासभर वेळ पुरतो.

आधी बॅटरी पाहा

नवा टेप १२ व्होल्टवर चालतो आणि बॅटरीचा निगेटिव्ह बॉडीला जोडलेला असावा लागतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या विलीज जीपला ६ व्होल्टची बॅटरी होती. १९६०च्या दशकापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला असायचा. अशा गाडीत नवा टेप सरळ जोडला तर तो जळू शकतो. फार जुनी गाडी असेल तर बॉडीला कोणती वायर गेली आहे, हे आधी डोळ्यांनी बघून घ्या.

सगळ्यात मोठी चूक : स्पीकरची वायर बॉडीला

अनेक जुन्या गाड्यांत रेडिओपासून स्पीकरला एकच वायर जायची. स्पीकरचं दुसरं टोक बॉडीला जोडलेलं असायचं. त्या रेडिओला ते चालत होतं.

नव्या टेपला हे चालत नाही. त्याच्या प्रत्येक स्पीकरच्या दोन्ही वायरी ‘जिवंत’ असतात. टेप चालू असताना दोन्हींवर बॅटरीच्या साधारण निम्मा व्होल्टेज असतो. त्यातली एक बॉडीला लागली की आवाज फाटतो, टेप मध्येच बंद पडतो, आणि शेवटी आतला आयसी जातो.

म्हणून प्रत्येक स्पीकरला टेपपासून दोन स्वतंत्र वायरी ओढा. जुनी एक वायर वाचवायच्या नादात टेप घालवू नका. नामांकित कंपन्यांच्या टेपवर सहसा पांढरी वायर पुढच्या डाव्या, करडी पुढच्या उजव्या, हिरवी मागच्या डाव्या आणि जांभळी मागच्या उजव्या स्पीकरची असते. त्याच रंगाची, पण काळी रेघ असलेली वायर निगेटिव्ह. तरी टेपवरचा नकाशा एकदा बघाच.

तपासणी सोपी आहे. स्पीकरच्या वायरी टेपपासून सोडवा. मल्टीमीटर ओहमवर ठेवून एक टोक स्पीकरच्या वायरीला, दुसरं बॉडीच्या कोऱ्या लोखंडाला लावा. जोड दिसला तर वायर कुठेतरी बॉडीला लागली आहे.

डॅशबोर्डमध्ये एकच स्पीकर असेल तर

काही जण डावी आणि उजवी वायर एकत्र पिळून त्या एका स्पीकरला देतात. असं कधीच करू नका. एकच बाजू जोडा, उरलेल्या वायरींना टेप लावून त्या बंद करा आणि मोबाईलच्या सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ चालू करा, म्हणजे गाण्यातलं काही गळणार नाही. दुसरा मार्ग म्हणजे दोन कॉइलचा स्पीकर. त्याला डावी-उजवी दोन्ही वेगवेगळी जोडता येतात.

अर्थिंग आणि करंट

टेपची काळी वायर गंजक्या किंवा रंग दिलेल्या पत्र्याला आवळलेली असते. हळू आवाजात काही कळत नाही, आवाज वाढवला की ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला टेप दम तोडतो. गाणं मोठ्याने लावा, मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक टेपच्या काळ्या वायरीला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. ०.२ व्होल्टच्या आत दिसलं तर ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंग खराब. पत्रा घासून चकचकीत करा, नाहीतर वायर थेट बॅटरीपर्यंत न्या.

डायनामोवाल्या गाडीत इंजिन हळू चालताना चार्जिंग जवळपास होत नाही. गाडी उभी असताना आवाज बसतो आणि रेस दिल्यावर सुधारतो, तर बॅटरी आणि चार्जिंग बघा, टेपला दोष देऊ नका.

आवाज आहे, पण दम नाही

दोन स्पीकर असतील आणि एकाच्या वायरी उलट लागल्या असतील तर एकाचा पडदा पुढे जाताना दुसऱ्याचा मागे जातो. ढोलाचा घुमारा निघूनच जातो. वायरी टेपपासून सोडवून दीड व्होल्टचा सेल स्पीकरला क्षणभर लावा. पॉझिटिव्ह पॉझिटिव्हला लागला की पडदा बाहेर यायला हवा. सगळे स्पीकर असे जुळवून घ्या.

स्पीकरचा ओहमही मोजा. ४ ओहमचा स्पीकर मीटरवर सुमारे ३ ते ४ दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर कॉइल जळली आहे. जुन्या स्पीकरचा कागद फाटला असेल तर मात्र तो बदलावाच लागतो. आणि स्पीकर सीटखाली मोकळा ठेवू नका. तो घट्ट फळीत बसवला की पुढचा-मागचा आवाज एकमेकांना मारत नाही.

कुंई आणि टकटक

चावी बंद ठेवून फक्त टेप चालवा. आवाज साफ आला, तर त्रास इंजिनाकडून येतो. रेसबरोबर चढणारी शिट्टी डायनामो किंवा अल्टरनेटरची. टकटक ही पेट्रोल इंजिनाच्या ठिणगीची. डिझेल जीपमध्ये ठिणगीच नसते. पेट्रोल गाडीला रेझिस्टर प्लग लावा. टेपची अर्थिंग सुधारा आणि स्पीकरच्या वायरी इंजिनाच्या वायरिंगपासून लांब न्या. फक्त एफएमलाच खरखर असेल तर एरियल बघा. त्याची लांबी साधारण ७५ सेंटिमीटर हवी आणि बूड बॉडीला नीट जोडलेलं हवं.

फ्यूजशिवाय जोडू नका

जुन्या वायरींचं रबर कडक होऊन तडकलेलं असतं. पिवळी वायर थेट बॅटरीवरून आणली असेल तर बॅटरीजवळच फ्यूज हवा, टेपवर लिहिलेल्या अँपिअरचाच. फ्यूज उडतो म्हणून तिथे तार गुंडाळली तर उद्या वायर पेटेल, आणि जवळच पेट्रोलची नळी असते. कुठल्याही वायरीला हात लावण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह टोक काढा.

हे सगळं करूनही आवाज सुधारला नाही, तर टेप दुसऱ्या एखाद्या चालू गाडीत लावून बघा. तिथेही फाटला, तर दोष टेपचा. तिथे साफ वाजला, तर दुकानात जाण्याऐवजी पुन्हा आपल्याच गाडीच्या वायरींकडे वळा.