स्टॉलच्या उंबरठ्यावरची नोकरी

दुसऱ्या महायुद्धानंतर व्यापारजत्रांसाठी प्रसिद्ध असलेले लाइपझिग सोव्हिएत अमलाखाली गेले आणि 1947 च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिशांच्या ताब्यातील हॅनोव्हरला निर्यात प्रदर्शन भरले. ‘हॅनोव्हर मेसे’ या नावाने ते आज यंत्रसामग्रीचे जगन्मान्य प्रदर्शन झाले असून 2015 साली भारत त्याचा भागीदार देश होता. अशा प्रदर्शनात स्टॉलच्या दर्शनी बाजूस उभी असणारी ‘होस्टेस’, म्हणजे स्वागतिका, ही केवळ शोभेसाठी नेमलेली असते, हा समज सार्वत्रिक असला तरी व्यवहाराशी जुळणारा नाही.

तिचे खरे काम चाळणीचे असते. येणाऱ्याच्या गळ्यातील बिल्ल्यावरचा कोड ती यंत्राने टिपते, हसतमुखाने दोन-तीन प्रश्न विचारते आणि खरेदीचा निर्णय याच्या हाती आहे काय, यंत्र यंदा हवे आहे की हा नुसताच पिशव्या-पेने गोळा करत फिरतो आहे, याचा अंदाज बांधते. त्यातून ‘लीड’, म्हणजे पुढे ग्राहक होऊ शकणाऱ्याची नोंद, तयार होते आणि विक्री अभियंत्याचा मोलाचा वेळ योग्य माणसावर खर्च होतो. पातळ गालिच्याखालच्या टणक फरशीवर, टाचेच्या बुटांत, दिवसभर उभे राहून हे करायचे असते. जर्मनीत ते बहुधा दोन-तीन भाषा जाणणाऱ्या विद्यार्थिनी करतात.

त्यांना स्टॉलवाली कंपनी सहसा थेट नेमत नाही, एजन्सी पुरवते. एजन्सीने त्यांना कागदोपत्री स्वतंत्र व्यावसायिक ठरवले, पण वेळ, गणवेश आणि हुकूम मात्र दुसऱ्याचेच राहिले, तर जर्मन कायदा त्याला छद्म स्वयंरोजगार मानतो आणि बुडवलेले सामाजिक विम्याचे हप्ते वसूल करतो.

शोभेची बाजू अर्थात खोटी नाही. मोटारींच्या प्रदर्शनांनी ती इतकी ताणली की शांघायच्या आयोजकांनी 2015 साली मॉडेल उभ्या करण्यावरच बंदी घातली. लंडनमध्ये 2018 च्या जानेवारीत केवळ पुरुषांसाठी झालेल्या एका धर्मादाय भोजनात होस्टेसना तोकडे काळे कपडे घालायला लावून गुप्ततेच्या करारावर सह्या घेतल्या होत्या. फायनान्शियल टाइम्सच्या वार्ताहराने स्वतः होस्टेस म्हणून काम करून तिथले लैंगिक गैरवर्तन उघडकीस आणले आणि आयोजक संस्थेला गाशा गुंडाळावा लागला.

भारतात 2013 चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा रोजंदारीवरच्या आणि कंत्राटदारामार्फत आलेल्या स्त्रीलाही कर्मचारी मानतो, तर कामानिमित्त ती जिथे जाते ती जागाही कामाचे ठिकाण ठरते. म्हणजे चार दिवसांचा स्टॉलही त्यात येतो. अडचण पुढे आहे. तक्रार सामान्यतः तीन महिन्यांच्या आत करावी लागते. मात्र प्रदर्शनाचे आयोजक, स्टॉलवाली कंपनी, इव्हेंट कंपनी आणि तिचा उपकंत्राटदार अशी उतरंड असताना, हाती साधे नेमणूकपत्रही नसलेल्या मुलीने आपला मालक कोण, हे आधी शोधायचे असते.