साखरेचा पर्याय कोणाच्या सोयीचा?

वडाळ्यातील औषधाच्या दुकानात गोडीच्या गोळ्यांची डबी मागणारा मधुमेही आपण काय विकत घेतो हे जाणून असतो. शाळा सुटल्यावर बर्फाचा गोळा चोखणाऱ्या मुलाला मात्र त्यावरच्या रंगीत पाकात साखर आहे की सॅकरीन, याचा पत्ता नसतो. कृत्रिम गोडीविषयीची आपली चर्चा बहुधा त्या मधुमेह्याभोवतीच फिरते.

सॅकरीनचा शोध १८७९ चा. एक ग्रॅम सॅकरीन सुमारे तीनशे ग्रॅम साखरेचे काम करते. विक्रेत्याचा मोह यातच आहे. उंदरांवरील प्रयोगांमुळे १९७७ मध्ये अमेरिकेत त्यावर बंदीचा प्रस्ताव आला. उंदरांतील ती क्रिया माणसाला लागू पडत नाही असे ठरल्यावर २००० मध्ये वेष्टनावरील इशाऱ्याची सक्तीही उठली. तेव्हा सॅकरीनला विष म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने त्याला मर्यादा घातली आहे: शरीराच्या दर किलोमागे दिवसाला ५ मिलिग्रॅम. वीस किलोच्या मुलाला ती १०० मिलिग्रॅमवरच संपते. बाटलीबंद पेयावर कृत्रिम गोडीचा उल्लेख करावाच लागतो. गाडीवरच्या पाकाला वेष्टनच नसते.

मोठ्यांनीही फार आशा बाळगू नये. वजन ताब्यात ठेवण्यासाठी हे पदार्थ वापरू नयेत, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये केली; आधीच मधुमेह असलेल्यांना तीतून वगळले. (बिनसाखरेच्या चहाची बचत दोन पेढ्यांत खर्च करणारे गृहस्थ कोणाच्या ओळखीचे नाहीत?)

अन्न व औषध प्रशासनाने दर उन्हाळ्यात शाळांजवळील गाड्यांवरचे नमुने तपासावेत आणि निष्कर्ष विभागवार जाहीर करावेत.