सहा हजार गोळ्यांची परीक्षा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

२९ मार्च १९११ रोजी अमेरिकी लष्कराने जॉन ब्राउनिंग यांचं कोल्ट .४५ पिस्तूल स्वीकारलं. या निवडीभोवती बऱ्याच दंतकथा साचल्या आहेत. त्या दूर केल्या, तर मूळ इतिहास अधिक मोलाचा वाटतो.

गैरसमज : हे पिस्तूल आलं आणि फिलिपिन्समधल्या मोरो योद्ध्यांचा प्रतिकार मोडला.
वस्तुस्थिती : तिथे .३८ रिव्हॉल्व्हर अपुरं पडतं, ही तक्रार खरी होती. पण त्यावर लष्कराने जुनी .४५ रिव्हॉल्व्हर पुन्हा वापरात आणली. नवं पिस्तूल सैनिकांच्या हाती पडलं तेव्हा मोरोंशी चाललेला संघर्ष अखेरच्या टप्प्यात होता.

गैरसमज : .४५ गोळीचं श्रेष्ठत्व १९०४ मध्ये शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झालं.
वस्तुस्थिती : अधिकारी जॉन थॉम्पसन आणि लष्करी डॉक्टर लुई लागार्ड यांनी शिकागोच्या कत्तलखान्यात जिवंत गुरांवर, तसंच मानवी मृतदेहांवर गोळ्या झाडून पाहिल्या. गुरं मोजकीच होती आणि गोळी प्रत्येक वेळी सारख्या ठिकाणी लागली नाही. त्या निष्कर्षात पुराव्याइतकाच अंदाजही होता. तरी पुढच्या पिस्तुलांसाठी .४५ ची अट तिथूनच आली.

गैरसमज : जर्मन असल्यामुळे लुगर पिस्तुलाला डावललं गेलं.
वस्तुस्थिती : लष्कराने १९०१ मध्येच १,००० लुगर पिस्तुलं वापरून पाहण्यासाठी विकत घेतली होती. १९०७ च्या चाचणीनंतर लष्कराच्या चाचणी मंडळाने कोल्ट आणि सॅव्हेज या कंपन्यांच्या पिस्तुलांची शिफारस केली. सॅव्हेजने आधी नकार दिला, तेव्हा २०० पिस्तुलांची मागणी लुगरच्या कारखान्याकडे गेली. १९०८ मध्ये त्यानेच माघार घेतली आणि सॅव्हेज पुन्हा स्पर्धेत आलं.

गैरसमज : कोल्टने एकदाही साफसफाई न करता ६,००० गोळ्या झाडल्या.
वस्तुस्थिती : मार्च १९११ च्या अंतिम चाचणीत दर १०० गोळ्यांनंतर पिस्तूल थंड होऊ दिलं जाई आणि दर १,००० गोळ्यांनंतर ते पुसून त्याला तेल दिलं जाई. सॅव्हेज ३७ वेळा अडखळलं, कोल्ट एकदाही नाही. ही कामगिरी खरोखर असामान्य आहे, तिला अतिशयोक्तीची गरज नाही.

या यशामागे घोडदळाच्या सूचनाही होत्या. दौडत्या घोड्यावर पिस्तूल चुकून झाडलं जाऊ नये म्हणून अंगठ्याने लावायचा सुरक्षा खटका त्यांच्या आग्रहाने बसवला गेला. ब्राउनिंग यांची प्रतिभा निर्विवाद आहे. पण तिला अनेक वर्षांच्या कठोर चाचण्यांची आणि वापरणाऱ्यांच्या तक्रारींची जोड मिळाली, म्हणूनच हे शस्त्र १९८५ पर्यंत अमेरिकी लष्कराचं अधिकृत पिस्तूल राहिलं.