एकाच शेतातले गवत दोनदा सारखे का नसते?

ससे व गिनीपिग घरी पाळणाऱ्यांची एक तक्रार नेहमी ऐकू येते. मागच्या खेपेचे वाळके गवत हिरवे व मऊ होते. या खेपेचे मात्र पिवळसर, राठ आणि काड्याच फार, तेव्हा दुकानदाराने हलका माल गळ्यात मारला! हा संशय क्वचित खरा असेलही. परंतु बहुधा तो अनाठायी असतो. गवत साच्यातून निघत नाही, ते शेतात उगवते.

अशा प्राण्यांसाठी टिमोथी नावाचे गवत विशेष मानले जाते. ते मूळचे युरोपातले. अठराव्या शतकात टिमोथी हॅन्सन या शेतकऱ्याने अमेरिकेत त्याचा प्रसार केला व त्यावरून हे नाव पडले, असे सांगतात. थंड हवा त्याला मानवते. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील किटिटास खोरे या पिकासाठी प्रसिद्ध आहे.

एकाच शेतात या गवताची एका हंगामात एकाहून अधिक वेळा कापणी होऊ शकते. पहिल्या कापणीच्या वेळी गवत निसवलेले असते. त्यामुळे त्यात लांबट कणसे व जाड काड्या पुष्कळ आणि तंतूंचे प्रमाण अधिक. पुन्हा फुटून आलेल्या दुसऱ्या कापणीत पाने जास्त. म्हणून ते मऊ व हिरवे. पहिलीच कापणी काही दिवस लांबली, तरी गवत जून होते.

कापल्यावर ते शेतातच पसरून वाळवतात. ऊन अधिक लागले तर हरितद्रव्य उडून रंग फिका पडतो. पावसाची सर आली तर त्यातील साखर धुऊन जाते. गठ्ठ्याचा बाहेरचा थर पिवळा आणि आतला हिरवा, असेही याच कारणाने घडते. अवकाळी पावसात भिजलेला कडबा ज्याने पाहिला आहे, त्याला हे निराळे सांगायला नको.

राठ गवत वाईट, ही समजूतही बरोबर नाही. सशाचे व गिनीपिगचे दात आयुष्यभर वाढतात. ते झिजायला असे चर्वण लागतेच. आतड्यांची हालचालही याच तंतूंनी चालू राहते. एखादा दिवस जरी सशाने खाणे सोडले, तरी त्याची आतडी मंदावून जिवावर बेतू शकते. म्हणून गवताचा नवा गठ्ठा आणला की जुने एकदम बंद करू नये. दोन्ही मिसळून सवय लावावी. इतके करूनही त्याने अन्नाला तोंड लावले नाही, तर वाट न पाहता पशुवैद्य गाठावा.

मात्र निसर्गाचा फरक निराळा आणि नासाडी निराळी. पुरते न वाळता बांधलेले गवत आतून तापते व त्याला बुरशी धरते. कुबट वास, पांढरे वा काळे डाग, हाताला लागणारी ओल किंवा झटकताच उडणारी बुरशीची भुकटी दिसली, तर किमतीकडे न पाहता ते टाकून द्यावे. गोव्या-कोकणाच्या दमट हवेत चांगले गवतही पावसाळ्यात बिघडते. ते जमिनीपासून उंच, कोरड्या व हवेशीर जागी कापडी पिशवीत ठेवावे.

रंगावरून गवताची परीक्षा करणारा पुष्कळदा चांगला माल फेकतो आणि नासका घरात ठेवतो. नाकाने व हाताने केलेली परीक्षा अधिक भरवशाची.