व्हिएन्नाला गेलेली पत्रं

कलकत्ता विद्यापीठाचा मानसशास्त्र विभाग 1916 साली सुरू झाला. भारतातला हा पहिलाच. त्याआधी मनाचा अभ्यास तत्त्वज्ञानाच्या वर्गात एखाद्या पेपरापुरता व्हायचा. प्रयोगशाळेसह स्वतंत्र अभ्यासक्रमाचा आराखडा तत्त्वज्ञ ब्रजेंद्रनाथ शील यांनी 1905 मध्येच करून दिला होता. तो प्रत्यक्षात यायला अकरा वर्षं गेली. विभागाची धुरा नरेंद्रनाथ सेनगुप्तांकडे आली. ते हार्वर्डला मानसशास्त्रज्ञ ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांच्या हाताखाली शिकून आले होते. मन मोजता येतं, त्यावर प्रयोग करता येतात, हा आग्रह त्यांनी सोबत आणला. आजही हा विभाग राजाबझारच्या सायन्स कॉलेजात, पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्राच्या शेजारी आहे. त्याची जागा तीच, असं मला मनापासून वाटतं.

पण मला सांगायचं आहे ते या विभागाच्या एका विद्यार्थ्याबद्दल. गिरींद्रशेखर बोस 1910 साली डॉक्टर झाले. पोरवयापासून संमोहनाचा नाद, पुढे दवाखान्यातही त्याचा वापर. चांगली चालणारी प्रॅक्टिस असताना हा माणूस नव्या विभागात विद्यार्थी म्हणून बसला, 1917 मध्ये एम.एस्सी. झाला आणि लगेच तिथेच शिकवू लागला. 1921 मध्ये ‘दमन’, म्हणजे नकोशा इच्छा नकळत मनात दाबून टाकणं, या संकल्पनेवरच्या प्रबंधाला डी.एस्सी. मिळाली. मानसशास्त्रातली ही देशातली पहिली डॉक्टरेट.

प्रबंधाचं पुस्तक त्यांनी थेट व्हिएन्नाला, मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांना धाडलं. उत्तर आलं आणि पुढची सोळा-सतरा वर्षं पत्रव्यवहार चालला. दोघं एकमेकांना कधीच भेटले नाहीत. बोस यांचे चित्रकार मित्र जतींद्रकुमार सेन यांनी तर फ्रॉइडला न पाहताच, केवळ कल्पनेने त्यांचं चित्र काढलं. तेही व्हिएन्नाला गेलं. फ्रॉइडना ते आवडलं. मात्र चित्रातला माणूस आपल्यापेक्षा फार देखणा असल्याचं त्यांनी कळवलं. एका मैत्रिणीला लिहिताना, चित्रकाराने आपल्याला पक्का इंग्रज करून टाकलं, असंही ते म्हणाले.

1922 मध्ये पारशीबागान लेनमधल्या बोस यांच्या घरी भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन झाली आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय मनोविश्लेषण संघटनेला जोडली गेली.

फ्रॉइडबरोबरच्या पत्रांमधला मतभेद मला सगळ्यात मोलाचा वाटतो. बोस यांचा सिद्धांत ‘विरुद्ध इच्छे’चा. प्रत्येक इच्छेच्या पोटात तिची उलट इच्छा दडलेली असते. मारावंसं वाटतं तिथे मार खावासा वाटणंही असतंच. म्हणून ते रुग्णाला कल्पनेत समोरच्याच्या जागी बसवत. मारणाऱ्याने मार खाणारा व्हायचं, मग पुन्हा उलट, सी-सॉसारखं. आपल्या बंगाली रुग्णांच्या अनुभवावरून त्यांनी 1929 मध्ये आणखी एक धाडसी गोष्ट कळवली. युरोपीय पुरुषांमध्ये फ्रॉइडना दिसलेली लिंगच्छेदाची भीती इथे तितकी ठळक नाही. स्त्री होण्याची इच्छा मात्र सहज वर येते. परतंत्र देशातला एक डॉक्टर मनोविश्लेषणाच्या जनकाला सांगत होता, की माझ्या दवाखान्यात मला वेगळं दिसतं. फ्रॉइडना हा फरक लक्षणीय वाटला, तरी विरुद्ध इच्छेचा सिद्धांत पूर्णपणे पटला नाही. बोस यांनीही तो सोडला नाही.

1931 मध्ये फ्रॉइडच्या पंचाहत्तरीला कलकत्त्याच्या संस्थेने हस्तिदंती विष्णुमूर्ती भेट दिली. ती त्यांच्या टेबलावर विराजमान झाली. नाझींमुळे 1938 मध्ये त्यांना व्हिएन्ना सोडावं लागलं, तेव्हा मूर्तीही लंडनला गेली. तिथल्या फ्रॉइड संग्रहालयात ती आहे.

इकडे कलकत्त्यात तोवर बोस मानसशास्त्राचे विभागप्रमुख झाले होते. 1938 मध्ये विभागात उपयोजित मानसशास्त्राची शाखा निघाली. देशात अशी पहिलीच. मनोरुग्णांना वेड्यांच्या इस्पितळात डांबण्याच्या त्या काळात 1940 मध्ये संस्थेने ‘लुंबिनी पार्क’ हे मानसोपचार रुग्णालय काढलं. त्यासाठी घर दिलं ते बोस यांचे भाऊ राजशेखर बसू यांनी, म्हणजे बंगाली वाचक ज्यांना ‘परशुराम’ म्हणून ओळखतात त्या विनोदी लेखकाने. सुरुवातीला तिथे तीन खाटा होत्या.