बालेवाडीचं मैदान, दोन क्लब

बालेवाडीचं स्टेडियम १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभं राहिलं. २००७ ला पुणे एफसी हा व्यावसायिक फुटबॉल क्लब निघाला आणि बालेवाडी त्याचं घर झालं. आय-लीगमध्ये २००९-१० ला पहिल्याच मोसमात तिसरा, तर २०१२-१३ ला चक्क दुसरा नंबर! पण २०१४ ला आयएसएल आली, तिच्यासोबत एफसी पुणे सिटी हा नवा क्लब आला, आणि २०१५ ला पुणे एफसीने आय-लीग सोडली. २०१७-१८ ला उपांत्य फेरी गाठणारा नवा क्लबही पैशाअभावी २०१९ ला बंद पडला. त्याची जागा हैदराबादने घेतली.

असं का? नुसत्या तिकिटांवर क्लब चालत नाही. मालकाने हात काढून घेतला की खेळ खल्लास! मैदान सरकारी, म्हणून ते टिकलं. मित्रांनो, क्लबची मालकीही थोडीफार प्रेक्षकांकडे असती तर?